काट्याच्या कॉम्प्युटरवर असिंक ड्रायव्हर: आठ महिन्यांनंतर

कोल्हापुरात मार्केट यार्डाजवळ आमचा वजनकाटा आहे. गुळाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. त्यात वीज गेली आणि यूपीएसनं मान टाकली, की आमचं लिनक्सवरचं जुनं मशीन परत उठेपर्यंत ‘मालक, काटा चालू झाला काय?’ हेच ऐकत बसायचं.

दिवाळीत पहिल्यांदा बूटचा, म्हणजे मशीन सुरू व्हायचा, वेळ मोजणारं ‘सिस्टमडी-ॲनलाइझ’ चालवून बघितलं. एकूण 52 सेकंद: फर्मवेअर आणि ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) यांचे 9, कर्नलचे (लिनक्सचा गाभा) 14, पुढच्या सेवांचे (मागं आपोआप चालणारे प्रोग्रॅम) 29. मग ‘इनिटकॉल_डीबग’ लावून बूट केलं. त्यात प्रत्येक ड्रायव्हरला (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) सुरू व्हायला किती मायक्रोसेकंद लागले ते डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींमध्ये, उमटतं. बराचसा वेळ कामाचा नव्हताच, हार्डवेअरचं उत्तर येईपर्यंत थांबण्याचा होता. आमच्याकडं एखादा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ट्रॉली काट्यावर चढवून मग दोर सोडत बसतो आणि मागची रांग खोळंबते, तसंच.

लिनक्सवाल्यांनी हे दुखणं फार आधी ओळखलं होतं. 2008 मध्ये अर्जन व्हॅन डे व्हेन आणि औके कोक यांनी आसूसच्या ई-पीसी या छोट्या लॅपटॉपवर 5 सेकंदांत बूट करून दाखवलं. 2009 च्या 2.6.29 कर्नलमध्ये असिंक, म्हणजे एकमेकांची वाट न बघता कामं करायची, यंत्रणा आली. आता ग्रबमधल्या कर्नलच्या ओळीत ‘ड्रायव्हर_असिंक_प्रोब’ लिहून पुढं ड्रायव्हरची नावं दिली, की ते ड्रायव्हर एकमेकांसाठी थांबत नाहीत. मी डिस्क आणि लॅनचे दिले. कर्नलचा वेळ 14 वरून 8 वर आला.

तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका सकाळी स्क्रीनवर ‘इमर्जन्सी मोड’, आणि बाहेर सहा ट्रॉल्या उभ्या. बॅकअपची डिस्क मी एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची त्याची यादी) स्वतःच्या हातानं ‘एसडीबी1’ अशी लिहिली होती. त्या दिवशी दोन्ही डिस्कची नावं उलटी लागली. एसडीबी1 म्हणजे एसएसडीचं ईएफआय पार्टिशन (बूटसाठीचा छोटा भाग) झालं, ते ईएक्सटी4 (बॅकअप डिस्कवरची फाइल साठवायची पद्धत) म्हणून माउंट होणं, म्हणजे जोडलं जाणं, शक्यच नव्हतं. असिंकमध्ये जो आधी तयार, त्याला आधीचं नाव. क्रमाची हमी नाही. ‘बीएलकेआयडी’नं यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) काढून तिथं टाकला, ‘नोफेल’ (डिस्क नाही जोडली गेली तरी बूट अडवू नको) जोडलं. तेव्हापासून एकदाही अडकलं नाही.

तोच धडा सिरीयल केबलना लावला. वजनाचा इंडिकेटर आणि बाहेरचा आकड्यांचा बोर्ड, दोन्ही यूएसबीवर. उद्या ती नावं उलटली तर वजन यायच्या पोर्टवर बोर्ड बसेल, आणि काट्यावर एवढी चूकसुद्धा चालत नाही. दोन्ही केबल एकाच चिपच्या, त्यांना सिरीयल नंबर नाही, म्हणून उपकरणाच्या ओळखीवरून नाव देणारं ‘बाय-आयडी’ उपयोगाचं नव्हतं. कुठल्या पोर्टला जोडलंय त्यावरून नाव देणाऱ्या ‘बाय-पाथ’नं बांधल्या आणि पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे. असिंकनं 6 सेकंद वाचवले. ‘नेटवर्क-वेट-ऑनलाइन’ (नेटवर्क जोडलं जाईपर्यंत थांबवणारी सेवा) आणि नको असलेल्या दोन-तीन सेवा बंद केल्यावर 12 वाचले. काट्याच्या सॉफ्टवेअरला सुरू व्हायला इंटरनेट लागतच नाही. त्यामुळं आधी मोजा. कर्नलचा आकडाच लहान असेल तर असिंकच्या नादी लागू नका. ज्यांच्याकडं ड्रायव्हर मोड्यूल म्हणून (कर्नलपासून वेगळे, लागतील तसे) येतात, तिथं यूडेव्ह (उपकरणं ओळखून ड्रायव्हर चढवणारी सेवा) बरंचसं काम आधीच समांतर करतं, फरक कमी दिसेल.

आता 34 सेकंद लागतात. परवा भर दुपारी वीज गेली तेव्हा ट्रॉलीवाला इंजिन बंद करायच्या आत बोर्डवर शून्य उमटलं होतं.