शरीरात राहिलेला मॉप आणि भरपाईचा दावा: एका वकील कार्यालयाच्या सेवेचे परीक्षण

हे परीक्षण रुग्णालयाचे नाही, तर माझा भरपाईचा दावा चालवणाऱ्या वकील कार्यालयाच्या सेवेचे आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे घेणाऱ्या या कार्यालयाशी माझा जवळपास दोन वर्षे संबंध आला. प्रकरण तडजोडीने मिटले असल्यामुळे आता बरेवाईट दोन्ही लिहिता येते. रक्कम मात्र सांगता येणार नाही, कारण करारनाम्यात तशी अट आहे.

माझी पोटाची शस्त्रक्रिया मध्यरात्री तातडीने करावी लागली होती. टाके निघाले, जखम भरली, पण डाव्या कुशीतला जडपणा आणि अधूनमधून येणारी कणकण काही जाईना. सात महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी सीटी स्कॅन झाला, तेव्हा डॉक्टरांनी फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावली, पेन्सिलीचे टोक एका नागमोडी पांढऱ्या रेघेवर ठेवले आणि क्षणभर ते काही बोललेच नाहीत. ती रेघ म्हणजे मॉपमध्ये (शस्त्रक्रियेत रक्त टिपायला वापरतात त्या सुती कापडाच्या घडीत) विणलेला, क्ष-किरणांत उठून दिसणारा धागा होता. सुती कापड शरीरात विरघळत नाही. कधी त्याच्याभोवती पू होतो, तर कधी शरीर त्याच्याभोवती तंतूंचे कवच तयार करते आणि मग वर्षानुवर्षे त्याचा पत्ताही लागत नाही. मला पू झाला होता, त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया टळण्यासारखी नव्हती.

वकिलांकडे मी गेले ती संतापाने. त्यांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बाहेर काढलेली वस्तू आता कुठे आहे?" मला ते ठाऊक नव्हते. त्याच दुपारी त्यांनी दुसऱ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला पत्र पाठवून तो नमुना जपून ठेवण्याची आणि हिस्टोपॅथॉलॉजी अहवालाची (सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीच्या अहवालाची) प्रत देण्याची विनंती केली. तोवर मी त्यांना एक पैसाही दिला नव्हता. स्वतःची फी आणि तज्ज्ञांचे मत, नकला, न्यायालयीन शुल्क यांचा खर्च त्यांनी वेगवेगळा लिहून दिला, आणि शेवटपर्यंत त्यात कोणताही नवा आकडा घुसला नाही.

त्यांचे खरे कसब दिसले ते मोजणीच्या तक्त्यावर. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी, पोट बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना मॉप, सुया व उपकरणे मोजायची असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या १९ मुद्द्यांच्या सुरक्षा यादीतही, रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी ही मोजणी पूर्ण झाल्याचे परिचारिकेने मोठ्याने सांगावे, असे आहे. माझ्या तक्त्यावर शेवटच्या रकान्यात 'बरोबर' असे लिहून खाली सही होती. ते पाहून माझे अवसानच गळाले, पण वकीलबाईंनी शाईकडे बोट दाखवले: सुरुवातीचे दहा निळ्या शाईत, मध्येच मागवलेले पाच समासात काळ्या शाईत, आणि बेरजेवर पुन्हा गिरवलेले. "मोजणी बरोबर होती असे ते जितके ठासून सांगतील, तितकी ती चुकली होती हेच सिद्ध होईल, कारण मॉप तर तुमच्या पोटातून निघाला आहे," त्या म्हणाल्या.

हे नुसते वकिली चातुर्य नव्हते. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला, अशा ५४ रुग्णांचा एक अभ्यास त्यांनी फाइलला जोडला होता. त्यानुसार तातडीच्या शस्त्रक्रियेत वस्तू आत राहण्याचा धोका सुमारे ९ पट आणि शस्त्रक्रियेचा बेत ऐनवेळी बदलल्यास सुमारे ४ पट वाढतो. शिवाय मोजणी झालेल्या बहुतेक प्रकरणांत शेवटची मोजणी बरोबर असल्याचीच नोंद होती. माझ्या बाबतीत घाई होती आणि बेतही बदलला होता. घाई ही सबब होऊ शकत नाही, उलट जादा काळजी घेण्याचे ते कारण आहे, असा मुद्दा त्यांनी नोटिशीत मांडला. रक्तस्राव थांबवण्यासाठी कधीकधी मॉप मुद्दाम आत ठेवतात, पण मग तशी नोंद असते आणि तो काढण्याचे नियोजनही असते. विरुद्ध पक्ष ही वाट धरील हे ओळखून त्यांनी ऑपरेशन नोट्सची प्रमाणित प्रत आधीच मिळवली होती.

अशा प्रकरणांत 'घटना स्वतःच बोलते' (म्हणजे निष्काळजीपणाशिवाय असे घडणारच नाही) या तत्त्वाचा आधार अनेक न्यायालये घेतात, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावले. चूक झाली हे सिद्ध होणे सोपे असते, त्या चुकीने नेमके किती नुकसान झाले हे दाखवणे अवघड. मूळ आजाराने येणारा अशक्तपणा वेगळा आणि मॉपमुळे आलेला वेगळा करावा लागतो. म्हणून त्यांनी माझ्याकडून औषधांची बिले, बुडालेल्या कामाचे दिवस आणि रोजच्या ताप-वेदनांच्या तारखा यांची वही तयार करून घेतली. मुदतीबाबतही त्या दक्ष होत्या: बऱ्याच ठिकाणी मुदत वस्तू सापडल्याच्या दिवसापासून धरतात, काही ठिकाणी मात्र शस्त्रक्रियेपासूनच्या कमाल कालमर्यादेनंतर दावाच चालत नाही. हे मला आधी कोणी सांगितले असते, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतरचे पाच महिने मी नुसत्या तक्रार-अर्जांत घालवले नसते.

उणिवाही आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. पहिल्या वर्षानंतर माझी फाइल तिसऱ्या सहायकाच्या हाती गेली आणि प्रत्येकाला मी तीच हकीकत पहिल्यापासून सांगितली. नोटिशीच्या मसुद्यात डाव्या कुशीऐवजी उजवी कूस पडली होती. ती चूक मी वाचताना पकडली म्हणून निभावले. बाजू चुकवण्यावरूनच भांडणाऱ्या कार्यालयाला हे शोभत नाही, अशी कोटी मी तेव्हा केली होती, पण ती कोणालाही आवडली नाही. फोनवर 'काम सुरू आहे' एवढेच उत्तर कित्येक आठवडे मिळे. तडजोडीचा प्रस्ताव आला, तेव्हा विचाराला मला जेमतेम चार दिवस मिळाले, आणि पुढे पुन्हा उपचार लागले तर दावा करता येणार नाही, ही अट मी स्वतः विचारल्यावरच समजावून सांगण्यात आली.

कागदपत्रांची तयारी आणि कायद्याची जाण यांसाठी मी या कार्यालयाला पाचपैकी साडेचार गुण देईन, रुग्णाशी वागण्या-बोलण्यासाठी दोन. ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच पुन्हा झाली आहे, त्यांनी येथे जाताना शक्यतो सोबत एक माणूस न्यावा, कारण पहिल्या बैठका दोन-दोन तास चालतात आणि लिहून घेण्यासारखे बरेच असते. प्रकरण मिटल्यावर मूळ केसपेपर आणि बिले पोचपावतीसह परत मिळाली. सीटी स्कॅनची सीडी मात्र तीनदा आठवण केल्यावर, एका कोऱ्या पाकिटात आली.