‘गो फॉर ब्रोक!’ : बघाच, पण हिशेब तपासत बघा

युद्धाचा कुठलाही सिनेमा लावला की मी आधी जवानांचं चालणं बघतो. पाठीवरचा पिठ्ठू रिकामा असला की चार पावलांत कळतं. बसताना रायफल कुठं टेकवतो, पाणी पिताना नजर कुठं असते, यात पायदळात नोकरी केलेल्या माणसाला फसवता येत नाही. १९५१ सालचा ‘गो फॉर ब्रोक!’ या बाबतीत आजच्या कित्येक सिनेमांच्या पुढं आहे, कारण यातले बरेचसे जपानी वंशाचे जवान सिनेमा ज्या अमेरिकी पलटणीवर आहे, खरोखरच तिच्यात दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले. सॅम या जवानाचं काम करणारा लेन नाकानो त्यांच्यातलाच. ही माणसं दमल्यावर खांदे कसे पडतात ते दाखवत नाहीत, त्यांचे खांदे तसे पडतात.

सिनेमा काळा-पांढरा, दीड तासाचा, इंग्रजी. लेखक आणि दिग्दर्शक रॉबर्ट पिरॉश, बॅनर एमजीएम. विषय अमेरिकेच्या ४४२ व्या रेजिमेंटचा, म्हणजे जपानी वंशाच्या जवानांच्या पलटणीचा. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने हवाईतल्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकुमावर सही केली, आणि त्या हुकुमाच्या जोरावर अमेरिकेतल्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार, दुकान, शेती सोडून काटेरी तारेच्या आत जावं लागलं. अशा मोठ्या छावण्या १० होत्या. आतल्यांपैकी दोन तृतीयांश लोक अमेरिकेत जन्मलेले, तिथलेच नागरिक. वर्षभराने, १ फेब्रुवारी १९४३ ला, त्याच रूझवेल्टनी याच लोकांच्या पोरांची पलटण उभी करायला मंजुरी दिली आणि लिहिलं की अमेरिकन असणं हे वंशावर ठरत नाही. सिनेमा सुरू होतो तो या वाक्यांनी. मला तिथंच थांबून पाणी प्यावं लागलं. सही दोन्हीकडे एकाच माणसाची!

कथा टेक्सासच्या लेफ्टनंट ग्रेसनपासून सुरू होते. व्हॅन जॉन्सनने ते काम केलंय. मिसिसिपीतल्या कॅम्प शेल्बीत तो हजर होतो, आपल्या हाताखाली ‘असली’ माणसं आहेत हे बघून नाराज होतो आणि बदली मागतो. बदली मिळत नाही. पुढं इटली, मग फ्रान्स, आणि माणूस हळूहळू बदलत जातो. हे अपेक्षेप्रमाणे होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी गंमत आहे सेक्शनमधल्या पोरांत. टॉमी अंगाने इतका लहान की सरकारी गणवेश त्याच्यावर गोणीसारखा लोंबतो. त्याचे आईवडील पर्ल हार्बरच्या हल्ल्यातच गेलेले. चिक आयोवात कोंबडीच्या पिलांतले नर-मादी ओळखायचं काम करायचा, त्यात पगार चांगला होता, आणि फौजेतल्या पगारावर त्याची सतत कुरकुर. प्रत्येक पलटणीत एक चिक असतोच, मी नाव घेणार नाही, पण वाचणाऱ्या जोडीदारांना कळेल! सॅमचे घरचे छावणीत. लढाईवर पत्र यावं आणि ते काटेरी तारेच्या आतून यावं, ही गोष्ट सिनेमा फार आवाज न करता सांगतो. सीमेवर असताना खानापूरचं पत्र पावसाळ्यात अडकायचं तर आमचा जीव टांगणीला लागायचा. पण घरचे घरात आहेत एवढी तरी खात्री होती. सॅमला तीही नव्हती.

आता व्होज डोंगराचा भाग. ऑक्टोबर १९४४, फ्रान्स. टेक्सासच्या ३६ व्या डिव्हिजनमधली एक बटालियन पुढं घुसली आणि जर्मनांच्या वेढ्यात सापडली. तिला सोडवायला ४४२ ला पाठवलं. सुटले २११. त्यांच्यासाठी सोडवणाऱ्यांतले सुमारे ८०० जण मेले किंवा जखमी झाले. आय कंपनीत उभे राहू शकणारे ८ उरले, के कंपनीत १७. एका कंपनीत एरवी शंभरावर जवान असतात, हे लक्षात घेऊन हे आकडे पुन्हा वाचावेत.

सिनेमात झाडी दाट दाखवलीय आणि ती नुसती देखाव्याला नाही. उघड्या माळावर तोफगोळा आला तर आडवं पडायचं, हे रंगरूटाच्या हाडात बसवलेलं असतं. पण उंच सुचीपर्णी जंगलात गोळा झाडाच्या शेंड्यावर फुटतो. लोखंडाचे आणि लाकडाचे तुकडे वरून सरळ खाली येतात. आडवा पडलास तर अख्खी पाठ त्याला दिलीस. तिथं बुंध्याला चिकटून उभं राहावं लागतं, आणि मोर्च्याच्या खड्ड्यावर ओंडक्यांचं छत घालावं लागतं. मी नोकरी केली ती उघड्या बोडक्या उंचीवर, तिथं एक झुडूप नव्हतं. तरी हा भाग बघताना माझी मान आपोआप खाली गेली. शेजारी बसलेला नातू विचारायला लागला, “आबा, काय झालं?”

एका गोष्टीचा मात्र मला राग आहे. पुरेशी माणसं नसताना, जमिनीचा अंदाज न घेता, पुढं चला पुढं चला म्हणून मागून रेटणारे ३६ व्या डिव्हिजनचे प्रमुख जनरल डालक्विस्ट सिनेमात जवळजवळ नाहीतच. त्यांच्या हुकुमांबद्दल ४४२ च्या माणसांनी नंतर उघड कडवटपणे बोलून दाखवलं होतं. ते आलं असतं तर सिनेमा फार मोठा झाला असता. तशीच छावणी. ती पत्रांतून ऐकू येते, दिसत कधीच नाही. लहान मुलांसह कुटुंबं बराकींत राहिली, ते एक दृश्य ठेवायला काय हरकत होती? आणि सगळं बघणारा डोळा शेवटपर्यंत गोऱ्या लेफ्टनंटचाच. सॅमच्या डोळ्यांनी सांगितली असती तर हीच गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून पाचपैकी साडेतीन. अभिनयाला मात्र पूर्ण पाच.

आणि तो हिशेब. सिनेमाचं म्हणणं असं की या पोरांनी रक्त सांडलं, निष्ठा सिद्ध केली, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. हार्ट माउंटन छावणीतल्या ६३ जणांनी सक्तीच्या भरतीला नकार दिला. आधी आमच्या माणसांना नागरिकाचे हक्क परत द्या, मग येतो, असं त्यांचं म्हणणं. १९४४ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला, १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी माफी दिली. उभा जन्म फौजेत घालवूनही मी म्हणतो, त्यांचंही बरोबर होतं. लढणारा पोरगा वाघ होताच, पण त्याच्या आईला आधी कोंडायचं आणि मग त्याचं रक्त मोजून तिला सोडायचं, ही रीत कुठल्याही सरकारला शोभत नाही.

याच पलटणीतला सदाओ मुनेमोरी इटलीत ५ एप्रिल १९४५ ला हातबॉम्बवर झेपावला आणि दोन जोडीदारांना वाचवून गेला. आई मान्झनारच्या छावणीत पाठवलेली. त्याला अमेरिकेचा सर्वोच्च ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळाला. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला त्याला आणखी एक कारण आहे. त्यानंतर चारच दिवसांनी, ९ एप्रिलला, त्याच इटलीत सेनिओ नदीवर आमच्या मराठा पलटणीच्या शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पार आणलं, मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बंधाऱ्यावर चढून मराठ्यांची आरोळी दिली. त्यांना ब्रिटिशांचा सर्वोच्च व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे असाच क्रॉस मिळवून गेले, आणि त्याच आठवड्यात ४४२ ची पोरं लिव्होर्नोकडच्या डोंगरांत झुंजत होती. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये घडलेल्या जवानाला ही नावं ठाऊक असतात. त्यांच्यावर असा दीड तासाचा सिनेमा कुणी काढेल का?

आमची आणि त्यांची तुलना मी करणार नाही. आम्हाला कुणी तारेत घातलं नाही. पण आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, पेन्शनचे कागद हातात असताना, तोंडातून मराठी आली म्हणून एका कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाने मला विचारलं होतं, “तुम्ही नक्की कुठले?” पलटणीत माझ्या शेजारच्या खाटेवर गोकाकचा कन्नड बोलणारा नाईक होता. त्याने मला हा प्रश्न कधी विचारला नाही, मी त्याला नाही. ग्रेसन पहिल्या दिवशी रांगेतल्या पोरांकडं ज्या नजरेनं बघतो, ती नजर म्हणून मला लगेच ओळखता आली. जॉन्सनने ती फार खरी दाखवलीय.

सिनेमा यूट्यूबवर फुकट मिळतो. प्रती वेगवेगळ्या आहेत, काहींत आवाज चिरका आहे, दोन-तीन उघडून बघा आणि स्वच्छ असेल ती लावा. इटलीतल्या तरुणीचा एक प्रसंग आहे, तो पुढं ढकलला तरी चालेल. शेवटी रेजिमेंटच्या परेडची खरी चित्रफीत आहे, ती चुकवू नका. पहाटे रस्त्यावर धावून भरतीची तयारी करणाऱ्या आमच्याकडच्या पोरांनी हा सिनेमा जरूर बघावा, आणि त्यांच्या आईवडिलांनीही. इंग्रजी भराभर बोलतात, मला निम्मं नातवाने सांगितलं. आता मी त्याला मराठी सबटायटल टाइप करायला बसवलंय. फौजी शब्द मी सांगतो, बाकीचं तो बघतो. पहिली वीस मिनिटं झालीत.