.२२ मॅच गोळी, थंडी ते उन्हाळा वापरल्यावर: आधी लॉट नंबर बघा

मधल्या दराची जर्मन .२२ एलआर (लाँग रायफल) गोळी, वजन ४० ग्रेन (साधारण २.६ ग्रॅम), ५० मीटर प्रोनसाठी, म्हणजे पालथं झोपून करायच्या नेमबाजीसाठी. हिवाळ्यात सुरू केली तेव्हा चार तारे दिले असते. आता दोनच देतोय, आणि त्याला कारण गोळी कमी, विकण्याची पद्धत जास्त.

पुन्हा मागवताना जुना लॉट (एका खेपेत बनलेला माल) नंबर लिहून दिला होता. पाचशेच्या पॅकमध्ये दोन निराळे लॉट निघाले. दुकानदार म्हणतो, ‘माल एकच आहे, कंपनी तीच.’ माल एक नसतो! बंदुकीची दारू, प्राइमरचं (ठिणगी देणारं) मिश्रण आणि मशीनची सेटिंग एक असेल तोच लॉट. वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर गोळी सात-आठ मिमी खाली-वर जाते.

हे किती महाग पडतं ते बघा. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमी, गोळी ५.६ मिमी, आणि रेषेला शिवली तरी दहा. म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत १६ मिमीचा ग्रुप (भोकांचा पुंजका) मधोमध बसला तर सगळे दहा. जुना लॉट रेस्टवरून (रायफल टेकवून) १५-१६ मिमी देत होता. नवा २४ च्या खाली येईना. पोझिशन, श्वास, ट्रिगर, कशालाही दोष देत बसा. गुण गोळीनेच खाल्लेले असतात.

चाचणी अशी घ्या: लॉट बदलला की नळीत बसलेला आधीच्या गोळ्यांवरच्या मेणाचा थर जाऊन नवा बसेपर्यंत २०-२५ राउंड मोजायचेच नाहीत. मग दहा-दहाचे किमान चार ग्रुप. बाहेरच्या दोन भोकांच्या बाहेरील कडांमधलं अंतर मोजा, त्यातून ५.६ वजा करा. पाच गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप बघून पॅक उचलू नका.

रिमची (काडतुसाच्या मागच्या कडेची) जाडी मोजून गोळ्या चाळल्या तर स्वस्त गोळीही सुधारेल, असं आधी मत होतं. आता नाही. चाळलेल्या आणि न चाळलेल्या ग्रुपांत फरक दिसला नाही, संध्याकाळ मात्र गेली. तो वेळ लॉट तपासण्यात घाला.

थंडीत डबा रेंजवर उघडा ठेवू नका. मेण कडक होतं, पहिले काही शॉट भरकटतात. सध्याच्या उन्हात तर गाडीच्या डिकीत अजिबात नको: मेण पातळ होऊन काडतुसाच्या पितळी केसवर उतरतं, त्याला धूळ चिकटते, आणि ती धूळ सरळ बोअरमध्ये (नळीच्या आत) जाते.

मिसफायर (ट्रिगर दाबूनही गोळी न उडणं) तुरळक. रिममध्ये प्राइमर सगळीकडे सारखा पसरलेला नसला की असं होतं. नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आणि मिसळीवर ताव मारण्याआधी हात साबणाने, गार पाण्याने धुवा. शिसं आहे ते.

शिकारीच्या काडतुसासारखं फुलणारं टोक, भेदकता वगैरे इथे विचारू नका. वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी असल्याने आपल्याकडे तो प्रश्न उरत नाही. आपल्याला कागदावर गोल भोक हवं.

परवान्यावरची मर्यादा ठरलेली, प्रत्येक खरेदीची नोंद होते. वाया गेलेल्या पाचशे गोळ्या त्याच मर्यादेतून जातात, पैसे वेगळेच. म्हणून आधी एकाच लॉटचे दोन बॉक्स घ्या, तपासा, आवडला तर त्याच लॉटचा उरलेला साठा राखून ठेवायला सांगा. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी प्रत्येक बॉक्सचा नंबर त्याच्याशी ताडून बघा.