दादरच्या खोलीत कंडेन्सर माइक: पावसाळा ते मे

ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा कंडेन्सर, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा माइक, आणि तो लॅपटॉपला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, फोकसराइटचा स्कार्लेट सोलो, थर्ड जनरेशन. ही जोडी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली, आता मे उजाडला. काम मुख्यतः मराठी ऑडिओबुकचं, अधूनमधून व्हॉइसओव्हर. राहायला दादर पश्चिमेला, रुळांपासून दोन इमारती सोडून, जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. रिव्ह्यू वाचताना हा पत्ता लक्षात ठेवा, कारण कंडेन्सर घ्यायचा की नाही ते माइकच्या किमतीपेक्षा तुमच्या पत्त्यावर जास्त ठरतं.

आवाजाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. ‘ळ’ आणि ‘ल’ स्वच्छ वेगळे येतात, वाक्य संपताना उतरलेला आवाजही हरवत नाही. पण त्याच प्रामाणिकपणे शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, खिडकीतली कबुतरं आणि खालून जाणारा भंगारवालाही येतो. पंखा तर बंदच करावा लागतो. मे महिन्यात दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून दोन पानं वाचून बघा, म्हणजे कळेल. एक प्रकरण झालं की अंघोळच.

माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागून येणारा आवाज सर्वांत कमी घेतो. म्हणून मी त्याची पाठ खिडकीकडे केली आणि मी कपाटाकडे पाठ करून बसते. कपाटाची दारं उघडी, आत साड्या, दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या. दिसायला धोबीघाट, पण खोलीचा घुमारा निम्म्यावर आला. आणि हो, या माइकमध्ये टोकाकडून नाही, लोगोच्या बाजूने बोलायचं असतं.

लोकलचा खडखडाट अडवता येतो, घरघर नाही. ती भिंती-जमिनीतून स्टँडवर चढते. शॉकमाउंट, म्हणजे माइक लवचिक पट्ट्यांवर टांगणारी पकड, घेतल्यावर बरीच कमी झाली, उरलेली मी एडिटिंगमध्ये ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे खर्जातले आवाज कापणारा फिल्टर) लावून काढते. माइकवर हेच काम करणारं लो-कटचं बटण नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. तरी माझं खरं रेकॉर्डिंग शेवटची लोकल गेल्यावर, पहिली सुटायच्या आत होतं. एसीएक्ससारख्या ऑडिओबुक प्रकाशित करणाऱ्या ठिकाणी नॉइज फ्लोअर, म्हणजे कोणी बोलत नसताना रेकॉर्डिंगमध्ये उरणारा आवाज, उणे ६० डेसिबलच्या खाली मागतात. दिवसा माझ्या खोलीत ते जमत नाही, रात्री दोन वाजता जमतं.

सोलोबद्दल थोडक्यात. माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच जाणारी वीज, एका बटणावर मिळतो. केबल आधी जोडायची, गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) खाली ठेवायचा, मग बटण दाबायचं. गेनच्या नॉबभोवतीचं वर्तुळ हिरवं असेल तर ठीक, लाल झालं की आवाज फाटला. माझी मोठ्यातली मोठी ओळ उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन ठेवते. डायरेक्ट मॉनिटर चालू केला की हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत नाही. आवाजातला वरचा, धारदार भाग उठवणारं एअरचं बटण मी वापरत नाही, माझे ‘स’ आधीच टोचतात.

एक गूढ मात्र महिनाभर पुरलं: सततची बारीक घूंऽऽ. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब. जुन्या बिल्डिंगच्या वायरिंगला धड अर्थिंग नसतं, त्याचा हा प्रसाद. आता रेकॉर्डिंग बॅटरीवर. लॅमिंग्टन रोडवरून जरा जाड एक्सएलआर केबल (माइकपासून सोलोपर्यंतची) आणली, पण घूं तिने नाही, चार्जर काढल्यानेच गेली.

पॉप फिल्टरचं, म्हणजे तोंड आणि माइकमधल्या जाळीचं, सांगायलाच हवं. ‘फणस’, ‘भाकरी’, ‘खांब’ असे शब्द आले की हवेचा गोळा थेट माइकच्या आतल्या पातळ पडद्यावर, डायाफ्रामवर आदळतो, आणि मराठीत फ, भ, ख यांना तोटा नाही. आईच्या भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला आणि वीतभर अंतरावर, तोंडासमोर न ठेवता जरा तिरका लावला. विकतच्याइतकंच काम करतो.

पावसाळ्यात दमट हवेने कंडेन्सर चरचरू लागतो असं ऐकून होते. म्हणून काम झालं की माइक सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या स्टीलच्या डब्यात. पुड्या अधूनमधून तव्यावर गरम करून घेते. अजून एकदाही चरचर नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र कुठलाच डबा कामाचा नाही, तेव्हा फक्त एडिटिंग.

आता प्रत्येकजण विचारतो, रोड कंपनीचा एनटी१ माइक का नाही घेत? एटी२०२०चा स्वतःचा नॉइज २० डेसिबल, एनटी१चा चार-साडेचार. फरक कागदावर मोठा आहे. पण माझ्या खोलीची रात्री दोनची शांतताही २० डेसिबलच्या वरच आहे, तेव्हा जास्तीचे पैसे देऊन मला तीच खोली ऐकू येणार. ज्यांना रात्रीची वेळही मिळत नाही, त्यांनी कंडेन्सरच्या नादाला न लागता तोंडाजवळ धरून बोलायचा, दूरचे आवाज कमी घेणारा डायनॅमिक माइक घ्यावा. फक्त शूरच्या एसएम७बीसारखा असेल तर त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो आणि सोलोचा ५६लाच संपतो, तेवढं आधी बघून घ्या.