हैतीसाठी व्हॉलंटियरिंग: दोन आठवड्यांची ट्रिप, लांब मुदतीचा करार, की आहात तिथूनच काम?

हैती म्हटलं की आपल्याकडे लोकांना २०१० चा भूकंप आठवतो आणि लगेच "बिच्चारे" असा सूर लागतो. मी बोस्टनला राहते, इथे हैतीची माणसं भरपूर आहेत, कामावर आहेत, शेजारी आहेत, आणि त्यांच्यासोबत राहून माझं ठाम मत झालंय की मदतीचा कुठलाही मार्ग निवडताना एकच बघायचं, तिथे काय करायचं हे ठरवतं कोण, ते की आपण?

आधी ट्रिपचं बोलू, कारण बहुतेकांच्या डोक्यात तेच असतं. ग्रुपने जायचं, एकसारखे टीशर्ट, शाळेची भिंत रंगवायची, मुलांसोबत फोटो, परत. यात माणसं भेटतात, डोळ्यांनी देश दिसतो, हे खरंच. पण गवंडी आणि रंगारी हैतीत आहेत की, त्यांना काम नाहीये, आणि आपल्या विमान तिकिटाच्या पैशात त्यांची कितीतरी दिवसांची मजुरी निघाली असती. त्यातून अनाथाश्रमाची ट्रिप असेल तर सरळ नाही म्हणा. हैतीत अशा संस्थांमध्ये साधारण ३० हजार मुलं असल्याचा अंदाज आहे आणि त्यातल्या सुमारे ८० टक्के मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, गरिबीमुळे घरच्यांनी पाठवलेली मुलं ती. पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की मुलं तिथेच ठेवण्यात संस्थेचा फायदा होतो, आणि तोच पैसा त्या आईच्या हातात पडला असता तर मूल घरी राहिलं असतं.

शिवाय आत्ता जाणं धोक्याचं आहे. जुलै २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोवेनेल मोईझ यांची हत्या झाली, २०२४ पर्यंत राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक भाग सशस्त्र टोळ्यांच्या हातात गेला. मार्च २०२४ मध्ये भारताने ऑपरेशन इंद्रावती करून आपली माणसं शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकला हलवली. हैतीत आपला दूतावास नाही, म्हणजे पासपोर्ट हरवला तरी पंचाईत.

दुसरा मार्ग म्हणजे लांब मुदतीचा करार. डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ, पाणीपुरवठ्याचा किंवा पुरवठासाखळीचा अनुभव असलेली माणसं यांच्यासाठी हा खरा ऑप्शन. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या जागतिक वैद्यकीय संस्थेचं ऑफिस दिल्लीत आहे, ते पगार देतात, अनुभव मागतात, आणि हैतीसाठी फ्रेंच येत असेल तर खूप फरक पडतो. कुठे पाठवायचं ते तेच ठरवतात, हैतीच मिळेल असं नाही. झान्मी लासान्ते ही हैतीतली आरोग्यसेवा संस्था बघा, १९८० च्या दशकात कांज गावापासून सुरू झाली, स्टाफ जवळजवळ सगळा हैतीचाच. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस साहेब म्हणून जात नाही, हैतीच्या सीनियर डॉक्टरच्या हाताखाली काम करतो, आणि मला विचाराल तर आदर तिथे तयार होतो, भिंत रंगवताना नाही. उलटं उदाहरणही हैतीतलंच आहे, २०१० मध्ये यूएन शांतिसेनेच्या तळावरची घाण नदीच्या पाण्यात गेली, कॉलरा पसरला, जवळपास १० हजार लोक गेले, आणि यूएनची माफी आली २०१६ मध्ये. मदतीला आलेल्यांना जाब विचारणारं कोणी नसलं की असं होतं!

तिसरा मार्ग लोकांना फिका वाटतो, माझ्या मते बहुतेकांसाठी हाच बरोबर. भूकंपानंतर जगभरच्या व्हॉलंटियर्सनी घरी बसून सॅटेलाइट फोटोंवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा ऑनलाइन नकाशावर, काढले आणि मदत पथकांनी ते नकाशे वापरले. असं मॅपिंगचं काम पुण्यात बसून शनिवारी दुपारी शिकता येतं. अमेरिकेत असाल तर अजूनच सोपं, बोस्टनचं मॅटापन, ब्रुकलिनचं फ्लॅटबुश, मायामी, सगळीकडे हैतीची वस्ती आहे, इंग्रजीचे वर्ग आणि फॉर्म भरायला माणसं हवीच असतात. मी असा वर्ग घेते आणि बदल्यात मला जे ऐकायला मिळतं ते कुठल्याच ट्रिपमध्ये मिळालं नसतं.

उदाहरणार्थ भोपळ्याचं सूप, सूप जुमू. गुलामांनी ते मालकांसाठी शिजवायचं, स्वतः प्यायचं नाही. १७९१ च्या उठावातून नेपोलियनच्या सैन्याला हरवून १ जानेवारी १८०४ ला त्यांनी स्वातंत्र्य मिळवलं आणि तेव्हापासून दर १ जानेवारीला घरोघरी ते सूप, २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा म्हणून मान्यताही दिली. किंवा कोंबीत, म्हणजे आपल्या इर्जिकीसारखं, सगळ्यांनी मिळून एकाचं शेत करायचं आणि जेवण शेतमालकाकडे. आणि गरिबीचं म्हणाल तर १८२५ मध्ये फ्रान्सने, हातची वसाहत आणि गुलाम गेले म्हणून, युद्धनौका उभ्या करून १५ कोटी फ्रँक "भरपाई" मागितली, नंतर ती ९ कोटी केली, पण तिच्या कर्जाचे हप्ते १९४७ पर्यंत चालले. स्वतःच्या सुटकेचे पैसे नातवंडं-पतवंडं फेडत होती, हे कळल्यावर कोणी "बिच्चारे" म्हणूच शकत नाही.

तर मेडिकल किंवा टेक्निकल कौशल्य असेल आणि सहा महिने तरी देता येत असतील तर फ्रेंचचा क्लास आजच लावा, क्रेओल, म्हणजे हैतीत घरोघरी बोलतात ती भाषा, सोबत चालू ठेवा आणि मग अर्ज करा. नुसती दोन आठवड्यांची सुट्टी हातात असेल तर तिकिटाचे पैसे हैतीचे लोक चालवतात अशा संस्थेला द्या, आणि ती सुट्टी मॅपिंगला लावा.