व्हिडिओ अडकतोय: प्रोग्रॅम बदलायचा, ड्रायव्हर की डिस्क?

तासन्‌तास बसून क्लिप कापल्या, जोडल्या, मागे संगीत बसवलं, शेवटी नावं दिली. डिस्क बर्न केली, घरचे सगळे टीव्हीपुढे जमले आणि नेमकं बाळ पहिलं पाऊल टाकतं तिथे चित्र थिजलं. काहींचा व्हिडिओ तिथवर पोचतही नाही. एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेला की प्रोग्रॅमच बंद पडतो.

अशा वेळी तीन सल्ले हमखास मिळतात: दुसरा एडिटिंग प्रोग्रॅम घ्या, ग्राफिक्स ड्रायव्हर (विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारा प्रोग्रॅम) बदला, चांगल्या डिस्क वापरा. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांचा खर्च सारखा नाही. दुसरी डिस्क बर्न करून पाहायला अर्धा तास पुरतो. ड्रायव्हरला एक संध्याकाळ लागते. प्रोग्रॅम बदलायचा तर नवी मांडणी अंगवळणी पडण्यात आठवडे जातात, आणि जुना प्रोजेक्ट नव्या प्रोग्रॅममध्ये बहुधा उघडत नाही, म्हणजे झालेलं काम पुन्हा करायचं. तरी बहुतेक जण सुरुवात तिथूनच करतात. मीही तेच केलं होतं. जुन्या टेपवरून उतरवलेलं घरचं दीड तासाचं चित्रण होतं, आणि डिस्कवर सव्वा तासानंतर चित्राचे चौकोन व्हायचे. प्रोग्रॅम बदलला, सगळं एडिटिंग नव्याने केलं, दोन आठवडे गेले. नव्या डिस्कवरही त्याच सुमाराला चौकोन! अखेर तीच फाइल वेगळ्या डिस्कवर, कमी वेगाने बर्न केली आणि ती शेवटच्या फ्रेमपर्यंत स्वच्छ चालली. म्हणून माझा कल आधीच सांगून टाकतो: प्रोग्रॅम सगळ्यांत शेवटी बदलावा.

आधी दोषी कोण ते ठरवा

तिघांना वेगळं करायची युक्ती सोपी आहे. थेट डिस्कवर बर्न करू नका. आधी हार्ड डिस्कवर आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल) किंवा व्हिडिओ_टीएस फोल्डर बनवा आणि ते व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. ते नीट चाललं तर प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर दोघेही सुटले. उरला डिस्क, बर्नर किंवा प्लेअर. त्या फाइलमध्येच खोट असेल तर डिस्क कितीही भारी आणली तरी उपयोग नाही.

दुसरी खूण म्हणजे अडकण्याची वेळ. डीव्हीडी आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे लिहिली जाते. बोटांचे ठसे कडेलाच जास्त पडतात, डिस्क किंचित वाकडी असली तर हेलकावा तिथेच मोठा असतो, आणि १६ एक्सचा (मूळ वेगाच्या सोळापट) वेगही बर्नर अगदी कडेला पोचल्यावरच गाठतो. त्यामुळे त्रास नेहमी शेवटच्या भागात होत असेल तर डिस्ककडे बोट दाखवा. दर वेळी एका ठरावीक क्लिपवर किंवा ट्रान्झिशनवर गाडी अडत असेल, तर ती क्लिप किंवा प्रोग्रॅमचा तो इफेक्ट तपासा. कधी दहाव्या मिनिटाला, कधी चाळिसाव्या, असा काही नेमच नसेल तर ड्रायव्हर, तापलेलं ग्राफिक्स कार्ड किंवा कमी पडणारी मेमरी यांपैकी कुणीतरी आहे.

एका दोषाचं खापर मात्र उगाचच ड्रायव्हरवर फुटतं. चित्र कुठे अडकत नाही, पण कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा सगळीकडे बारीक धक्के जाणवतात. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेम टिपतो आणि पाल (भारतात रूढ असलेली टीव्ही पद्धत) डीव्हीडीत असतात २५. पाच फ्रेम दर सेकंदाला गाळल्या जाणार, मग धक्के येणारच. तुमचा प्लेअर एनटीएससी (अमेरिका-जपानकडची पद्धत) चालवत असेल (बरेचसे दोन्ही चालवतात) तर ३० फ्रेमच्या चित्रणासाठी प्रोजेक्ट २९.९७ फ्रेमच्या एनटीएससीमध्ये ठेवा.

ड्रायव्हर: नवा की जुना, कुणाकडून घ्यायचा?

विंडोजची एक गोष्ट इथे माहीत हवी. ग्राफिक्स कार्डाने साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही की विंडोज त्याचा ड्रायव्हर स्वतःहून पुन्हा सुरू करते. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते, पण एडिटिंग प्रोग्रॅम तेवढ्यात कोसळलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) त्याच वेळेची ‘डिस्प्ले’ची ४१०१ क्रमांकाची नोंद सापडली, तर दोष ग्राफिक्सच्या बाजूला आहे असं धरून पुढे जा.

ड्रायव्हर मिळण्याचे मार्ग तीन. विंडोज अपडेट जो आपोआप देते तो सोयीचा, पण पुष्कळदा मागे राहिलेला असतो, आणि कधी तुम्ही मुद्दाम टाकलेल्या ड्रायव्हरच्या जागी गुपचूप येऊन बसतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर त्या मशीनवर तपासलेला असतो, पण तो वर्षानुवर्षं नवा होत नाही. चिप बनवणाऱ्याचा, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलचा, सगळ्यांत ताजा. एडिटिंगसाठी मी हा तिसरा घेतो. लॅपटॉपवर तो टाकल्यावर ब्राइटनेसची बटणं किंवा झोपेतून जागं होणं बिघडलं, तरच कंपनीच्या ड्रायव्हरकडे परततो.

एनव्हिडियात आणखी एक निवड करावी लागते. गेम रेडी ड्रायव्हर नव्या गेमच्या तारखा सांभाळून येतात. २०१९ पासून मिळणारे स्टुडिओ ड्रायव्हर एडिटिंगच्या प्रोग्रॅमवर तपासलेले असतात आणि कमी वेळा बदलतात. घरात कुणी नवे गेम खेळत नसेल तर डोळे मिटून स्टुडिओ घ्या. एएमडीत ‘रेकमेंडेड’ आणि ‘ऑप्शनल’ असे दोन असतात. तिथे रेकमेंडेड.

काल चालत होतं आणि आज अपडेटनंतर बिघडलं, असं असेल तर पुढे जाऊ नका, मागे या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. तेवढ्याने भागलं नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन सेफ मोडमध्ये चालवून जुने अवशेष पुसा आणि मग ड्रायव्हर कोऱ्या पाटीवर टाका. एकावर एक चढवलेल्या चार ड्रायव्हरांपेक्षा असा एक बरा.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी मात्र एक चाचणी कराच. एक्सपोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडरची (ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ आवळून घेण्याची) खूण काढा आणि बिघडणारा दोन मिनिटांचा तुकडा फक्त प्रोसेसरवर एक्सपोर्ट करा. वेळ जास्त लागेल, पण तो तुकडा नीट निघाला आणि हार्डवेअरवर मात्र बिघडतोय, तर उत्तर मिळालं. एच.२६४ (मोबाइल आणि इंटरनेटवर सर्रास चालणारं व्हिडिओचं स्वरूप) फाइल बनवताना हार्डवेअर एन्कोडर कितीतरी वेगवान असतो. प्रोसेसरवरचा संथ एन्कोड त्याच आकारात सहसा जास्त सुबक चित्र देतो. जन्मभर जपायच्या फाइलसाठी मी रात्रभर प्रोसेसर चालू ठेवतो, त्यात मला काही जड वाटत नाही.

डीव्हीडीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी मऊ होतो. डीव्हीडीला एमपेग-२ हे जुनं व्हिडिओ स्वरूप लागतं आणि एनव्हिडियाच्या कार्डातला एन्कोडर एमपेग-२ बनवतच नाही. ते काम प्रोसेसरच करतो. म्हणजे डीव्हीडी बनवणाऱ्याला ड्रायव्हर त्रास देईल तो प्रीव्ह्यूमध्ये, इफेक्टमध्ये आणि मोबाइलच्या क्लिप उलगडताना.

प्रोग्रॅम: तिन्ही घराण्यांचे स्वभाव

तरीही प्रोग्रॅम बदलायचाच असेल तर निवड मशीन बघून करा. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती ताकदवान आहे, ४के ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देते, पण सगळा भार ग्राफिक्स कार्डावर टाकते. कार्डाची मेमरी तुटपुंजी असेल तर ‘जीपीयू मेमरी भरली’ हा निरोप रोज वाचावा लागेल. ड्रायव्हरच्या कटकटींना कंटाळून कुणी रिझॉल्व्हकडे जात असेल तर तो आगीतून फुफाट्यात पडतो. शिवाय तो मेनूवाली डीव्हीडी बनवत नाही.

शॉटकट आणि केडेनलाइव्ह मोफत आणि मुक्त स्रोत, दोन्ही एमएलटी या एकाच इंजिनावर चालणारे. यांचा जोर प्रोसेसरवर असतो, म्हणून जुन्या किंवा साध्या ग्राफिक्सच्या मशीनवर हे अधिक सहनशील. शॉटकटची मला आवडणारी गोष्ट म्हणजे मोबाइलची कमी-जास्त फ्रेमरेटची क्लिप दिली की तो ती ओळखतो आणि एडिटिंगला सोयीच्या स्वरूपात बदलून देऊ का, असं विचारतो. आवाज आणि ओठ यांची हळूहळू होणारी फारकत पुष्कळदा याच क्लिपमुळे असते. दुसऱ्या प्रोग्रॅमवर असाल तर तीच क्लिप आधी हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून काढून घ्या. प्रोग्रॅम बदलायची गरजच संपेल. टाइमलाइन अडखळत असेल तर प्रॉक्सी चालू करा, म्हणजे कापाकापी हलक्या नकलेवर होते आणि एक्सपोर्ट मूळ क्लिपवरून. डिस्कसाठी या दोघांच्या जोडीला मेनू आणि डीव्हीडी बनवणारा डीव्हीडीस्टायलर हवा.

तिसरं घराणं विकत मिळणाऱ्या घरगुती प्रोग्रॅमांचं, ज्यांत मेनू, चॅप्टर आणि बर्निंग सगळं एकाच छताखाली मिळतं. ज्यांना वर्षातून दोनदा डिस्क बनवायची आहे आणि चार साधनं हाताळायची नाहीत, त्यांना हे सुखाचं. घेण्याआधी त्या विशिष्ट आवृत्तीत डिस्क बर्निंग आहे का तेवढं बघा, कारण डिस्कचा भाग मागे पडत चालला आहे. खुद्द विंडोजमधला डीव्हीडी मेकर विंडोज ७ नंतर राहिला नाही आणि मूव्ही मेकर जानेवारी २०१७ मध्ये बंद झाला.

डिस्क: इथे खरी कसोटी

एकपदरी डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवते. फसवणूक नाही, मोजण्याची रीत वेगळी. दोन तासांचा व्हिडिओ त्यात बसवायचा तर आवाज धरून सेकंदाला जेमतेम पाच मेगाबिट मिळतात. दीड तासाला सात. तासाभराच्या व्हिडिओला नियमाप्रमाणे चित्राची कमाल ९.८ घेता येते, पण घेऊ नका. बर्न केलेली डिस्क वाचताना प्लेअरला तशीच जास्त धडपड करावी लागते, त्यात बिटरेट (दर सेकंदाचे हे मेगाबिट) टोकाला नेला की चित्र अडखळतं. आठच्या खाली राहा.

चित्र धूसर दिसतंय ही तक्रार याहून वेगळी. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फुल एचडीत बरोबर पाचपट ठिपके. ही मर्यादा कुठलीच महागडी डिस्क ओलांडून देणार नाही. एचडीच हवं असेल तर ब्लू-रे (२५ जीबी, दुपदरी ५०) किंवा सरळ पेनड्राइव्ह.

आर वजा की आर अधिक? जुन्या प्लेअरसाठी पहिली निवड डीव्हीडी-आर. डीव्हीडी+आर घेतली आणि बर्नर परवानगी देत असेल तर इमगबर्न या बर्निंगच्या प्रोग्रॅममध्ये बुकटाइप (डिस्क आपण कोणत्या प्रकारची ते प्लेअरला सांगते ती नोंद) ‘डीव्हीडी-रॉम’ करा; अडून बसलेले कितीतरी प्लेअर एवढ्याने राजी होतात. पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क परावर्तन कमी देतात, त्यामुळे जुने प्लेअर त्या नाकारतात, पण घरच्या चाचण्यांना त्या उत्तम. दुपदरी डिस्क शक्यतो टाळा. पदर बदलताना क्षणभर चित्र थांबतं आणि बर्न फसण्याचं प्रमाण माझ्या अनुभवात एकपदरीपेक्षा बरंच जास्त आहे. तीन तासांचं चित्रण असेल तर दोन साध्या डिस्क करा.

डब्यावरच्या नावापेक्षा डिस्कच्या आतला मीडिया कोड (ती कोणी बनवली ते सांगणारी खूण) महत्त्वाचा. एकच नाव वेगवेगळ्या कारखान्यांतला माल विकतं, म्हणून मागच्या वेळचा डबा चांगला निघाला तरी पुढचा तसाच निघेल असं नाही. इमगबर्न हा कोड दाखवतो. चांगल्या निघालेल्या डिस्कचा कोड टिपून ठेवा. वेगाचं म्हणाल तर १६ एक्सची डिस्क ८ एक्सने बर्न करणं हा मला सर्वांत भरवशाचा मध्य वाटतो. वेळेचा फरक थोड्याच मिनिटांचा. अगदीच १ एक्सवर उतरू नका, आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनलेल्या नसतात. बर्न झाल्यावर ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा, आणि तेवढ्यावर न थांबता ती डिस्क दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा. ज्या बर्नरने लिहिली त्याला स्वतःचं अक्षर वाचता येतंच.

वर चिकटवायचे कागदी लेबल नकोत. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने २००३ साली डिस्कच्या निगेबद्दल जी मार्गदर्शिका काढली, तीही डीव्हीडीवर ते लावू नका असंच सांगते. डिस्क वेगात फिरते तेव्हा लेबलमुळे तोल बिघडतो. डिस्कसाठीचा मार्कर वापरा, पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको.

पुष्कळ वर्षं ठेवायची असेल तर एम-डिस्क बघा. तिचा लिहिण्याचा थर अजैविक असतो, रंगद्रव्याचा नसतो. लिहायला मात्र तिला चालणारा बर्नर लागतो, वाचायला साधा ड्राइव्ह पुरतो. ब्लू-रेकडे वळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं.

आणि पेनड्राइव्ह? टीव्हीला यूएसबी असेल तर आज पाहण्यासाठी तोच सरस: पूर्ण एचडी, बर्नची भानगड नाही. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट३२ वर ती जाणार नाही, एक्सफॅट करावं लागेल, आणि टीव्ही एक्सफॅट वाचतो का तेही बघावं लागेल. ज्या घरात आजीला रिमोटच्या फक्त एका बटणाची सवय आहे, तिथे मी अजूनही डीव्हीडीच करून देतो, ८ एक्सने, मेनू न ठेवता, आत घातली की आपोआप सुरू होणारी. तिची आयएसओ फाइल मात्र दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असते, म्हणजे डिस्कवर ओरखडा पडला तर दुसरी प्रत काढायला अर्धा तास पुरतो.