गॅरंडमध्ये ओतीव शिशाची गोळी: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेत राहणाऱ्या आणि घरी काडतुसं भरणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. (भारतात परवान्याशिवाय हे करणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.)

एम-1 गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलमध्ये ओतीव शिशाची गोळी चालते, आणि 100 यार्डांपर्यंत फार छान चालते. पण बोल्ट ॲक्शनमध्ये (म्हणजे नळी मागून बंद करणारा बोल्ट दर वेळी हाताने सरकवावा लागतो अशा रायफलमध्ये) उत्तम चाललेलं काडतूस जसंच्या तसं गॅरंडमध्ये घालू नका.

ही रायफल गॅसवर चालते. गोळी नळीच्या तोंडाशी पोचते तेव्हा तिथल्या बारीक छिद्रातून थोडा गॅस सिलिंडरमध्ये शिरतो, ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि क्लिपमधल्या 8 काडतुसांपैकी पुढचं आत जातं. लष्कराच्या एम-2 बॉल काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण 835 मीटर वेगाने जाते. माझ्या शिशाच्या गोळ्या 550 ते 600 मीटरने. इतका कमी वेग भराभर जळणाऱ्या थोड्याशा दारूनेही मिळतो, पण गोळी छिद्रापाशी येईपर्यंत दाब उतरलेला असतो आणि पुंगळी अर्ध्यात अडकते. फार सावकाश जळणारी दारू घेतली तर छिद्रापाशी दाब जास्त राहतो आणि रॉड वाकण्याची भीती. म्हणून मधल्या जातीची दारू. वजनाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, तो छापील हँडबुकातूनच घ्यावा.

मिश्रण कठीण ठेवा म्हणजे नळीत शिसं बसणार नाही, असं जो तो सांगतो. मला मात्र कठीणपणापेक्षा माप महत्त्वाचं वाटतं. नळीच्या आतल्या खोबणींचा व्यास 0.308 इंच, मी गोळी 0.310 ठेवतो. मिश्रण 90 टक्के शिसं, 5 कथील, 5 अँटिमनी, आणि तळाला तांब्याचा गॅस चेक, म्हणजे छोटी टोपी. गोळी सैल असेल तर कडेने गरम गॅस निसटतो, शिसं खरवडतो आणि नळीभर पसरवतो. मग मिश्रण कितीही कठीण असो.

पण जाड गोळीने पुंगळीची मानही फुगते. बोल्ट ॲक्शनमध्ये काडतूस घट्ट जातंय हे हाताला कळतं. गॅरंडमध्ये ते काम स्प्रिंग करते, हाताला काहीच कळत नाही, आणि बोल्ट पूर्ण बंद न होणं ही गंभीर गोष्ट आहे. त्यामुळे भरलेलं प्रत्येक काडतूस मी गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) टाकून बघतो. वेळ जातो, पण यात सूट नाही.

सुरुवातीला गोळीला मेणाचं वंगण लावायचो. धूर भरपूर, आणि गॅस सिलिंडरमध्ये चिकट काजळी. पावडर कोटिंग (गोळीवर रंगाच्या कोरड्या भुकटीचा थर) करून साधारण 200 अंश सेल्सिअसवर 20 मिनिटं भाजायला लागल्यापासून दोन्ही जवळजवळ थांबलं. पैसे घालायचेच तर यात घाला. भट्टी वेगळी हवी, स्वयंपाकघरातली अजिबात नाही.

शिशासाठी गाडीच्या चाकांचा तोल साधणारी जुनी वजनं वितळवत असाल तर जस्ताची वेगळी काढा. जस्ताच्या बऱ्याच वजनांवर झेडएन (Zn) असा छाप असतो. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 419 ला, म्हणून तापमान आवरलं तर चुकून आलेलं जस्त वर तरंगतं आणि मळीबरोबर काढता येतं.

शिशाच्या विषाबद्दल घरच्यांशी आधी बोला. मी फक्त उघड्यावर ओततो, ते कपडे वेगळे धुतो आणि रक्तातलं शिसं तपासून घेतो. घरात लहान मूल असेल तर दुप्पट जपा: 2021 मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी डेसिलिटरला 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली, आणि बुटांना लागलेली धूळ थेट रांगणाऱ्या मुलापर्यंत पोचते.

सरावासाठी आता मी शिसंच वापरतो. खांद्याला धक्का कमी बसतो, नळीची झीज कमी होते. 200 यार्डांच्या गॅरंड स्पर्धेला मात्र तांब्याच्या आवरणाची गोळीच नेतो. त्या अंतरावर माझ्या ओतीव गोळ्या निशाणावर अजून हव्या तितक्या जवळजवळ लागत नाहीत.